नदीवरची मोटर, घरातला फोन: मोबाईल स्टार्टर दीड वर्ष वापरल्यानंतर

पलूस तालुक्यातील आमचे अडीच एकर रान कृष्णेच्या काठापासून दोन किलोमीटर आत आहे आणि त्या रानाला पाणी देणारी साडेसात हॉर्सपॉवरची मोटर मात्र नदीवर आहे. शेतीच्या वाहिनीवर थ्री फेज लाईट, म्हणजे मोटरीला लागणारी तीन तारांची वीज, आठ तास असते. ती काही दिवस दिवसा येते आणि काही दिवस रात्री. रात्रपाळीच्या दिवसांत लाईट आली की एकाने नदीवर जाऊन मोटर चालू करायची, दुसऱ्याने रानात दारे धरायची, म्हणजे सरी-सरीत पाणी वळवायचे, आणि मध्येच एखादा फेज गेला की पुन्हा तेवढीच पायपीट करायची, असा आमचा कित्येक वर्षांचा क्रम होता. माझे पती कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने कामाला जातात, त्यामुळे ती पायपीट पुष्कळदा माझ्या वाट्याला येई. वाट दोन्ही बाजूंच्या उसाच्या फडांमधून जाते. पायाखाली घोणस असेल ही धास्ती जुनीच होती. अलीकडे बिबट्या दिसल्याच्या गोष्टी कानावर येऊ लागल्या आणि बॅटरी हातात घेऊन एकटीने निघणे मला नकोसे झाले.

गेल्या वर्षीच्या जानेवारीत सांगलीच्या मार्केट यार्डाजवळील एका दुकानातून मी मोबाईल स्टार्टर, म्हणजे फोनवरून मोटर चालू-बंद करणारी पेटी, विकत घेतला. पेटी ४,२०० रुपयांना पडली, जोडणीचे ५०० रुपये गावातील वायरमनने घेतले आणि सिमकार्डाचा खर्च निराळा आला. उत्पादकाचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण अशाच घडणीच्या पेट्या निरनिराळ्या नावांनी मिळतात आणि माझे कौतुक व माझ्या तक्रारी या दोन्ही गोष्टी त्या घडणीबद्दल आहेत. शेतकऱ्यासाठी म्हणून बनवलेली वस्तू बनवताना शेतकऱ्याचा दिवस, त्याचे घर आणि त्याचा फोन कितपत डोळ्यांपुढे ठेवला गेला, हे मला या निमित्ताने तपासायचे आहे.

ही पेटी जुन्या स्टार्टरच्या शेजारी बसते. तिच्यात एक सिमकार्ड असते, स्टार्टर ओढणारे रिले (विजेने चालणारे खटके) असतात, तिन्ही फेज आहेत की नाहीत हे पाहणारा भाग असतो आणि मोटर किती अँपिअर प्रवाह घेत आहे हे मोजणारी एक कॉईल असते. त्या सिमच्या नंबरला फोन लावला की पेटी तो उचलते. १ दाबले की मोटर चालू होते आणि ३ दाबले की बंद होते. नुसता मिस कॉल दिला तरी मोटर चालू करण्याची सोय आहे. मोटर कोणत्याही कारणाने बंद पडली की पेटी आपण होऊन फोन करते आणि कारण सांगते. स्मार्टफोन असणाऱ्यांसाठी एक ॲपही आहे, परंतु आमच्या घरात ते कोणी वापरत नाही.

या रचनेतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट मला हीच वाटते, की तिने आमच्याकडे नसलेले काहीच मागितले नाही. फोनवरचे प्रत्येक बटण दाबल्यावर दोन स्वरांची एक ठरलेली जोडी निघते आणि पेटी ती ओळखते. हे स्वर महागड्या फोनमधून निघतात तसेच हजार-दीड हजारांच्या बटणांच्या फोनमधूनही निघतात. इंटरनेट लागत नाही, पासवर्ड लागत नाही, पडद्यावर वाचावे असे काही नसते. मिस कॉल तर आपल्याकडे लोकांनीच घडवलेली निरोपाची रीत आहे: पोचलो म्हणून एक, खाली ये म्हणून दोन. ज्या कोणी पेटी बनवणाऱ्याला ही रीत मोटरीला जोडावी असे प्रथम सुचले, त्याने आपले लोक फोन कसा वापरतात हे नीट पाहिले होते. पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांचे ‘नॅनो गणेश’ हे या प्रकारातील फार आधीचे आणि गाजलेले यंत्र. रात्री-अपरात्री मोटर चालू करायला जाताना आजोबांचे होणारे हाल त्यांनी पाहिले होते आणि त्यांच्या यंत्राला २००९ साली नोकियाच्या नवसंशोधकांसाठीच्या स्पर्धेत पुरस्कार मिळाला. माझी पेटी त्यांची नाही, पण ही कल्पना कुणाच्या तरी घरातील पायपिटीतून आलेली आहे, हे तिच्याकडे पाहताना मला जाणवते.

आमच्या घरात ही पेटी सर्वांत जास्त कोण वापरते, याचे उत्तर विकणाऱ्याला कदाचित सुचणार नाही. ते काम माझ्या सासूबाई करतात. त्यांचे वय सत्तरीच्या पुढे आहे, त्यांना अंक ओळखता येतात पण नावे वाचता येत नाहीत, आणि त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन आहे. त्या फोनवर २ हे बटण दाबून धरले की पेटीला फोन लागतो, अशी सोय मी करून दिली आहे आणि त्या बटणावर नखरंगाचा लाल ठिपका लावला आहे. रात्री लाईट आल्याचा पेटीचा फोन आला की त्या अंथरुणातूनच मोटर चालू करतात आणि मला उठवतात. मी सरळ रानात जाते. पूर्वी दोघांना बाहेर पडावे लागे आणि त्यातल्या एकाला नदीपर्यंत जावे लागे. आता नदीवर कोणी जात नाही, आणि पाणी पाजण्याच्या कामात ज्यांचा सहभाग गुडघेदुखीमुळे दहा वर्षांपूर्वी संपला होता, त्या सासूबाई पुन्हा त्यात आल्या आहेत. मोटर किती वेळ चालली याचा हिशेब त्यांना माझ्यापेक्षा नेमका सांगता येतो.

परंतु याच सासूबाईंमुळे पेटीचा पहिला मोठा दोष माझ्या ध्यानात आला, आणि तो तिच्या बोलण्यातला आहे. दुकानदाराने मराठी आवाज असलेली पेटी दिली, याबद्दल मी समाधानी होते. एका रात्री मोटर बंद पडली, पेटीचा फोन आला, सासूबाईंनी तो घेतला आणि मोटर चालूच आहे असे समजून ठेवून दिला. मी नंतर तो आवाज पुन्हा ऐकला. “नमस्कार. आपल्या पंपाच्या विद्युत पुरवठ्यातील एक फेज अनुपलब्ध असल्यामुळे आपला पंप बंद करण्यात आलेला आहे.” वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, पण आमच्याकडे पंपाला मोटर म्हणतात, विद्युत पुरवठ्याला लाईट म्हणतात आणि ‘अनुपलब्ध’ हा शब्द सासूबाईंनी त्याआधी फक्त फोन न लागल्यावर ऐकला होता. शिवाय जे कळायला हवे ते वाक्याच्या शेवटी आहे. वाऱ्यात, उसाच्या सळसळीत, अर्धवट झोपेत ऐकणाऱ्या माणसाला पहिल्या दोन शब्दांत बातमी मिळाली पाहिजे: “मोटर बंद. एक फेज गेलाय.” एवढेच पुरेसे होते. पेटीचे बोलणे मराठीत आणताना कुणीतरी कागदावरचा मजकूर भाषांतरित केला आणि ध्वनिमुद्रण करून टाकले. मोटरीवर उभ्या असलेल्या एकाही माणसाला ते ऐकवून पाहिले असावे, असे वाटत नाही.

एसएमएसची अवस्था त्याहून कठीण आहे. ते इंग्रजीत येतात. कारण मी समजू शकते: इंग्रजी अक्षरांच्या एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, देवनागरीत ७०च, आणि काही जुन्या बटणांच्या फोनवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन उमटतात. पण ‘मोटर बंद, फेज नाही’ हे ७० अक्षरांत आरामात बसते. ज्यांच्या फोनवर मराठी दिसते त्यांना ती निवडण्याची मुभा तरी हवी होती. पेटीसोबत आलेली माहितीपुस्तिकाही इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत आहे. ती वायरमनने उघडलीही नाही. त्याने दुकानदाराला फोन करून जोडणी विचारून घेतली.

दुसरा दोष सिमचा, आणि त्याची किंमत मी प्रत्यक्ष मोजली आहे. माझी पेटी टू-जीवर चालते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओच्या जाळ्यात टू-जी नाही, त्यामुळे घरातले जिओचे सिम तिला चालत नाही, ही गोष्ट मला दुकानात कोणी सांगितली नाही. घरी आल्यावर वायरमनने सांगितली आणि दुसऱ्या कंपनीचे सिम घ्यावे लागले. पूर्वी सिममध्ये एकदा पैसे भरले की येणारे फोन बराच काळ चालू राहत. २०१८ च्या अखेरीपासून मुदत संपली की येणारे फोनही बंद होऊ लागले. मोटरीच्या पेटीला हा नियम फार जड जातो, कारण तिला इंटरनेट नको असते, दिवसाला दोन-चार फोन पुरतात, आणि तरीही तिला माणसासारखाच महिन्याच्या महिन्याला रिचार्ज लागतो. गेल्या एप्रिलमध्ये, ऐन उन्हाळ्यात, लागणीच्या उसाला पाण्याची पाळी असताना ती मुदत संपली. सासूबाईंनी २ दाबले, फोन लागला नाही, आणि रात्री एक वाजता मी पुन्हा त्याच वाटेने नदीवर गेले.

चूक माझी होती, हे मी नाकारत नाही. पण मुदत संपत आल्याचे कंपनीचे इशारे त्या सिमवर आठवडाभर येत होते, हे मला नंतर कळले. ते एसएमएस पेटीच्या पोटात पडून राहिले. जी पेटी फेज गेला म्हणून फोन करते, तिला सिमवर आलेला इशारा मालकाच्या नंबरवर पाठवता आला असता. त्यासाठी वेगळा कोणताही भाग लागत नाही. रचनाकाराच्या घरी रिचार्ज आपोआप होत असेल किंवा तो महिन्याच्या पगारातून ठरल्या तारखेला भरला जात असेल. आमच्याकडे पैसा उसाच्या बिलाबरोबर येतो आणि मधल्या महिन्यांत छोटी रक्कमही लक्षात ठेवून बाजूला काढावी लागते. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, केवळ आवाज आणि एसएमएस असलेले पॅक देणे कंपन्यांना बंधनकारक केले आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवण्यास परवानगी दिली. आता मी बिल जमा झाले की वर्षाचा पॅक एकदम भरते. ही सल्ल्याची गोष्ट विक्रीच्या वेळीच सांगितली जावी, असे मला मनापासून वाटते.

मोटरीच्या रक्षणाचे काम मात्र ही पेटी उत्तम करते. एक फेज गेला असता मोटर घुमत राहते आणि थोड्या वेळात वाइंडिंग जळते. पेटी येण्यापूर्वी तीन वर्षांत आमची मोटर दोनदा भरून (वाइंडिंग नव्याने गुंडाळून) घ्यावी लागली होती, आणि एकेका वेळी कामाचे पैसे गेलेच, शिवाय पाण्याची पाळीही गेली. पेटी आल्यापासून एकदाही तसे झालेले नाही. नदीवरची मोटर फूटव्हॉल्व्ह (पाण्यातल्या पाइपाच्या तोंडाची झडप) गळू लागला की हवा धरते आणि कोरडी फिरते. पाणी नसलेली मोटर कमी अँपिअर घेते, हे ओळखून पेटी तिला थांबवते. येथे मात्र एक बारकावा ध्यानात घ्यावा. जोडणीच्या दिवशी मोटर पूर्ण पाणी ओढत असताना किती अँपिअर घेते ते पेटीला शिकवावे लागते. आमच्या वायरमनने ते नदी भरलेली असताना शिकवले, आणि मे महिन्यात पाणी खोल गेल्यावर मोटर पाणी देत असतानाही पेटी तिला कोरडी समजून बंद करू लागली. पाणी खाली गेले की फेक कमी होते आणि अँपिअरही उतरतात. कृष्णेची पातळी वर्षात किती वर-खाली होते हे काठावरच्या प्रत्येकाला माहीत आहे. उन्हाळ्यात ते माप पुन्हा शिकवावे, हे पुस्तिकेत नाही; आम्ही ते चार दिवस हैराण होऊन शिकलो.

‘ऑटो’ची सोय मी बंद ठेवली आहे आणि इतरांनीही ती जपून वापरावी. लाईट आल्याबरोबर मोटर आपोआप चालू व्हावी, हा विचार एका घरापुरता चांगला असला तरी एका डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) आठ-दहा मोटरी असतात आणि चालू होतानाच्या क्षणी प्रत्येक मोटर नेहमीच्या सहापट किंवा त्याच्या आसपास प्रवाह ओढते. सगळ्या एकदम उठल्या की डीपी उडते आणि मग सगळ्यांचेच पाणी थांबते. म्हणूनच ऑटो स्विच वापरू नका आणि कपॅसिटर बसवा, असे महावितरण सांगत असते. माझ्या पेटीत ऑटोला काही सेकंदांचा उशीर देण्याची सोय आहे, परंतु कारखान्यातून तो उशीर सर्व पेट्यांत सारखाच घातलेला येतो, म्हणजे आमच्या डीपीवरच्या चारही पेट्या पुन्हा एकाच क्षणी उठणार. प्रत्येक पेटीला निराळा उशीर घालून पाठवणे उत्पादकाला अवघड नव्हते. शेजाऱ्याचीही मोटर त्याच तारेवर आहे, हे त्याच्या डोळ्यांपुढे नव्हते.

शेजाऱ्यावरून आणखी एक मोठी गोष्ट येते. ही मोटर आमच्या एकट्याची नाही. आमच्या दोन चुलत दिरांचा तिच्यात वाटा आहे आणि पाण्याच्या पाळ्या वारानुसार ठरलेल्या आहेत. पेटीला मात्र एकच मालक कळतो. ज्या नंबरवरून पहिली नोंद केली तो मालकाचा, आणि बाकीचे नंबर जोडणे किंवा काढणे त्यालाच शक्य. दुकानात पतींचा नंबर दिला गेला; कामावर असताना त्यांचा फोन फाटकावर जमा असतो, त्यामुळे मला माझ्या भावाचा नंबर एका दिवसापुरता जोडायचा होता तेव्हा ते संध्याकाळपर्यंत शक्य झाले नाही. जोडलेल्या पाच नंबरांपैकी कोणीही कोणाच्याही पाळीत मोटर बंद करू शकतो, हे त्याहून वाईट. एकदा धाकट्या दिरांनी आमच्या पाळीत चुकून ३ दाबले आणि दोन दिवस घरांमध्ये बोलणे नव्हते. वार आणि तास लावून पाळी ठरवता आली असती, तर हा प्रसंग आला नसता. कृष्णाकाठी सामाईक मोटरी आणि सहकारी पाणीपुरवठा संस्था किती आहेत हे पाहता, एक मोटर, एक मालक, एक फोन हा हिशेब कोणत्या गावावरून घेतला, असा प्रश्न मला पडतो.

दुरुस्तीबद्दल माझे मत दोन्हीकडे झुकते. तारा जोडण्याची जागा साध्या स्क्रूची आहे आणि तिच्यावर फेजांच्या रंगांचे ठिपके आहेत, त्यामुळे कोणताही वायरमन ती जोडू शकतो. बायपासचा खटका तर मला या पेटीचा सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो: पेटी बिघडली तरी खटका फिरवून जुन्या स्टार्टरने मोटर चालवता येते. पण आतले कार्ड राळेत बुडवून बंद केलेले आहे. यंदाच्या मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज चमकली आणि कार्ड गेले. ते सांगलीत दुरुस्त होईना. कंपनीकडे पाठवले आणि १९ दिवसांनी परत आले. विजेच्या झटक्यापासून वाचवणारा भाग वेगळा विकत मिळतो, असे त्या वेळी सांगण्यात आले. वळीव आमच्याकडे दरवर्षी येतो.

आमच्या गावावरून किर्लोस्करवाडी फार दूर नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर १९०३ साली बेळगावात बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते असे शेतकरी मानत होते आणि पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर, म्हणजे आजच्या किर्लोस्करवाडीत, कारखाना आला आणि पुढे १९२६ मध्ये तेथेच पाण्याचे पंप बनू लागले. ज्या भागात नांगर आणि पंप शेताच्या शेजारी घडले, तेथे पेटीचे कार्ड दुरुस्तीला परगावी जाते, ही गोष्ट मला लागते. कार्ड निराळे काढून लगेच दुसरे बसवता येईल अशी रचना केली आणि तालुक्याच्या गावी चार कार्डे ठेवली, तरी १९ दिवस वाचतील.

पुराचा विचार मात्र रचनेत दिसत नाही: पेटी भिंतीला चार स्क्रूंनी घट्ट बसवलेली आहे आणि तारा सोडवायला अर्धा तास लागतो. कोयना धरणातून विसर्ग वाढल्याची बातमी आली की आमच्याकडे लोक सांगलीच्या आयर्विन पुलाजवळच्या पातळीकडे डोळे लावून बसतात. तेथे ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका मानतात, आणि त्याच्या कितीतरी आधी नदीवरच्या मोटरी वर ओढाव्या लागतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर कोणीही उशीर करत नाही. त्या घाईत पेटी ओढून काढता येईल असा एखादा जोड हवा होता. गेल्या पावसाळ्यात पतींनी तारा कापूनच ती वर आणली.

एवढे असूनही घेतलेल्या पैशांचे मला समाधान आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा लाईट मिळू लागली की रात्रीचा प्रश्न कमी होईल, पण नदी आणि रान यांच्यातले दोन किलोमीटर तसेच राहतील. दिवाळीनंतर मळ्यातल्या विहिरीवरच्या मोटरीलाही पेटी बसवायची आहे. या वेळी मी फोर-जी सिम चालणारी घेणार आहे आणि सासूबाईंना सोबत सांगलीला नेणार आहे. दुकानातच त्यांच्या फोनवरून पेटी चालवून पाहू, दुकानदाराला एक फेज काढायला सांगू, आणि पेटी काय बोलते ते त्यांना एकदाच ऐकून समजले तरच पैसे देऊ.